केशरी अळंबी ओळखायची कशी? रंगावर जाऊ नका, चीक बघा

पाइनच्या वाळलेल्या सुयांचा थर हाताने बाजूला सारला की कधीकधी खाली एक केशरी टोपी दिसते. मधोमध खोलगट, वर गडद-फिकट वलयं, आणि जिथे कुणाचा पाय किंवा नख लागलं असेल तिथे तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट डाग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, सडली. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी ती लाथेने उडवून पुढे गेले होते. तो हिरवा डाग हीच तिची एक मोठी खूण आहे, हे नंतर कळलं.

सॅफ्रन मिल्ककॅप असं तिचं इंग्रजी नाव. शास्त्रीय नाव लॅक्टेरिअस डेलिसिओसस. या लेखापुरतं तिला आपण केशरी अळंबी म्हणू. ती मूळची युरोपातली, पण पाइनची रोपं जिथे जिथे नेऊन लावली, तिथे मुळांना चिकटून हीही गेली. म्हणून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली इथल्या पाइनच्या लागवडींतही ती उगवते. सूचिपर्णी जंगलातल्या अळंब्या ओळखायला शिकायचं असेल तर सुरुवात हिच्यापासून करावी असं माझं मत आहे. ती सोपी आहे म्हणून नव्हे, तर तिच्या निमित्ताने झाड बघणं, मोडून बघणं, वास घेणं, थांबून राहणं या सगळ्या सवयी हाताला लागतात.

आधी गोतावळा समजून घ्या

लिनियसने १७५३ मध्ये हिचं वर्णन केलं तेव्हा नाव दिलं अगॅरिकस डेलिसिओसस. त्या काळी कल्ले, म्हणजे टोपीखालच्या पातळ उभ्या पट्ट्या, असलेली जवळजवळ प्रत्येक अळंबी ‘अगॅरिकस’मध्येच टाकत. पुढे १८२१ मध्ये ग्रे या ब्रिटिश अभ्यासकाने तिला लॅक्टेरिअस या वंशात आणलं. लॅक्टेरिअस म्हणजे दूध देणारी. या वंशातल्या अळंबीला कुठेही इजा झाली की रुईच्या पानासारखा चीक येतो. बहुतेकींचा चीक पांढरा असतो, काहींचा पाण्यासारखा. उत्तर अमेरिकेत तर निळा चीक गाळणारी लॅक्टेरिअस इंडिगोही आहे. आपल्या केशरी अळंबीचा चीक गाजराच्या रंगाचा.

अडचण अशी की केशरी किंवा लाल चिकाच्या अळंब्या एकटीदुकटी नाहीत, अख्खं खानदान आहे. स्पेनमध्ये ‘नीस्कालो’ आणि रशियात ‘रिझिक’ म्हणतात तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात नेमकी एकच जात असेलच असं नाही. उत्तर अमेरिकेत वर्षानुवर्षं ज्यांना डेलिसिओसस म्हटलं गेलं, त्यातल्या बऱ्याच आता वेगळ्या जाती म्हणून ओळखल्या जातात. तेव्हा आपल्या कामाचे दोन टप्पे आहेत. हातातली अळंबी या केशरी खानदानातली आहे का, हा पहिला. आणि असेल तर नेमकी कोणती, हा दुसरा. पहिला टप्पा चांगल्यापैकी खात्रीने गाठता येतो. दुसऱ्यात कधीकधी ‘बहुतेक’ लिहूनच थांबावं लागतं.

बरोबर काय घ्यायचं

पातळ पात्याचा चाकू, दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल, कागदी पिशव्या आणि घड्याळ. प्लॅस्टिकची पिशवी नको, तासाभरात आत घाम धरून सगळ्याचा लगदा होतो. एक पांढरा रुमाल किंवा टिश्यू ठेवा. त्याचं काम पुढे येईल. मोबाइल असतोच, पण जंगलातल्या सावलीत त्याचा कॅमेरा केशरीला लाल आणि लालला तपकिरी करतो, म्हणून रंग शब्दांत लिहून ठेवायची सवय लावा.

पहिली पायरी: मान वर करा

अळंबी दिसली की खाली वाकण्याची घाई होते. थांबा, आधी वर बघा. केशरी अळंबीचं कवक पाइनच्या बारीक मुळांना वेढून राहतं, त्यांना जमिनीतलं पाणी आणि क्षार पुरवतं आणि बदल्यात झाडाने तयार केलेली साखर घेतं. हा संसार झाडाची जात बघून मांडलेला असतो. म्हणून या खानदानात झाड ओळखणं म्हणजे अर्धी अळंबी ओळखणं.

सूचिपर्णी झाडं लांबून सारखीच दिसतात, म्हणून खाली पडलेली एक डहाळी उचला. पाइनच्या सुया जुडीने येतात, दोन, तीन किंवा पाच, आणि जुडीच्या बुडाशी कागदासारखं पातळ आवरण असतं. सुया एकेकट्या असतील तर ते पाइन नाही. मग स्प्रूस की फर? एक सुई अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. स्प्रूसची सुई बहुधा चौकोनी असते, ती बोटांत फिरते. फरची चपटी असते, ती फिरत नाही. सुया गळालेल्या डहाळीवरून बोट फिरवा. स्प्रूसची डहाळी कानशीसारखी खरबरीत लागते, कारण प्रत्येक सुईमागे एक छोटं खुंट राहतं. फरची गुळगुळीत लागते, नुसते गोल व्रण दिसतात. शंकूही बघा. फरचे शंकू फांदीवर उभे राहतात आणि झाडावरच सुटे होतात, त्यामुळे जमिनीवर अख्खे शंकू पडले असतील तर ते बहुधा फरचे नाहीत. लार्च हिवाळ्यात सुया गाळतो आणि त्याच्या जुन्या डहाळ्यांवर सुयांचे झुबके येतात.

आता ढोबळ हिशेब असा. पाइनखाली लॅक्टेरिअस डेलिसिओसस. स्प्रूसखाली तिची बहीण लॅक्टेरिअस डेटेरिमस. फरखाली लॅक्टेरिअस सॅल्मोनिकलर. पाइनखालीच सापडणाऱ्या आणखी तीनचार आहेत, त्यांच्याकडे चिकाच्या पायरीला येऊ.

झाडं मिसळलेली असतील तर मात्र हा हिशेब फसतो, आणि मी त्यातच फसले होते. पाइनच्या खोडापासून हातभर अंतरावर सापडलेली अळंबी मी बेधडक डेलिसिओसस म्हणून वहीत लिहिली. घरी आल्यावर चिकाचा रंग बदललेला दिसला आणि डोकं चालेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर गेले, तर पाच-सहा मीटरवर एक मोठा स्प्रूस उभा होता. त्याची मुळं माझ्या पायाखालून गेली असणार. तेव्हापासून मी अळंबीच्या चहूबाजूंनी दहा मीटरवरचं प्रत्येक झाड लिहिते, त्यात एखादं बर्चचं रोपटं असलं तरी. बर्च का महत्त्वाचा, तेही पुढे येईल.

दुसरी पायरी: टोपी, पण फार विश्वास न ठेवता

टोपी साधारण ४ ते १४ सेंटिमीटर रुंद. कोवळेपणी घुमटासारखी आणि कडा आत वळलेली. वाढता वाढता मध्य खाली बसतो आणि शेवटी बशीसारखी, कधी नरसाळ्यासारखी होते. रंग केशरी, त्यावर गडद केशरी वलयं, ओंडका आडवा कापल्यावर दिसतात तशी. पाऊस पडून गेला असेल तर टोपी चिकट लागते आणि तिला सुया चिकटलेल्या असतात. कड गुळगुळीत असते, हे लक्षात ठेवा. कडेवर लोकरीसारखी लव दिसली तर प्रकरण वेगळं आहे.

टोपीचा रंग मात्र बेभरवशाचा. कोरड्या दिवसांत तो फिकट पडतो, जुन्या टोप्या राखाडी-हिरव्या होतात, थंडीचा तडाखा बसला की डाग पडतात. मोबाइलमधली ओळख सांगणारी अ‍ॅप्स बहुधा वरून काढलेल्या फोटोवर चालतात, आणि वरून या खानदानातल्या बहिणी इतक्या सारख्या दिसतात की त्यांचं उत्तर मी सूचना म्हणून वाचते, निकाल म्हणून नाही.

तिसरी पायरी: मुळासकट काढा

ओळखायची अळंबी कापून घेऊ नका. बोटं दांड्याच्या बुडाखाली घालून, हळूच पिळून अख्खी बाहेर काढा. दांड्याच्या बुडाशी जमिनीत काय दडलंय हे बघणं कुठल्याही अळंबीच्या बाबतीत सक्तीचं समजा. जगातल्या सर्वांत घातक अळंब्यांपैकी काहींची, म्हणजे अमॅनिटा वंशातल्या काहींची, खूण असलेली पिशवी तिथेच मातीत असते, आणि कापून घेणारा ती जंगलातच सोडून येतो.

आता अळंबी उलटी करा. केशरी अळंबीचे कल्ले केशरी, दाटीने बसलेले, आणि दांड्यावर थोडे उतरत आलेले असतात. कल्ल्यांऐवजी स्पंजासारखी बारीक छिद्रं दिसली तर ती सुइलससारखी वेगळीच अळंबी आहे, पाइनखाली तीही पुष्कळ असते. कल्ले जागोजागी दोन फाट्यांत फुटत गेलेले दिसले आणि मोडल्यावर चीक नसला, तर ती हायग्रोफोरोप्सिस ऑरँटिआका असण्याची शक्यता मोठी.

मग दांडा. आखूड, ३ ते ८ सेंटिमीटर, टोपीपेक्षा फिकट. त्यावर बारकाईने बघा, देवीचे व्रण असावेत तसे गोल-लांबट उथळ खळगे दिसतील, आजूबाजूपेक्षा गडद केशरी रंगाचे. डेलिसिओससची ही फार चांगली खूण. डेटेरिमसच्या दांड्यावर असे खळगे सहसा नसतात किंवा अगदी एखाददुसरा असतो. खळगे आणि अळ्यांची भोकं यांत गल्लत करू नका. खळगा उथळ असतो आणि त्याचा तळ दिसतो. अळीचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं आणि आत जाणारं असतं.

दांड्याला वरच्या बाजूला कडं आहे का? बुडाशी पिशवी? कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे? यातलं काहीही असेल तर ती केशरी अळंबी नाही.

चौथी पायरी: मोडून बघा

दांडा दोन हातांत धरून मोडा. केशरी अळंबीचा दांडा फळ्यावरच्या खडूसारखा कटकन तुटतो, धागे निघत नाहीत. लॅक्टेरिअस आणि तिची जवळची नातेवाईक रसुला, या कुळातल्या अळंब्यांच्या मांसात लांब तंतूंच्या अधेमधे गोल पेशींचे पुंजके भरलेले असतात, म्हणून त्या ठिसूळ. बाकीच्या बहुतेक अळंब्यांचा दांडा मोडताना उभे धागे सुटतात, उसाची कांडी पिळावी तसे. ही एक परीक्षा इतकी साधी आणि इतकी उपयोगी आहे की ती न करता पुढे जाणाऱ्याचं मला नवल वाटतं.

पाचवी पायरी: चीक आणि घड्याळ

इथे मात्र निवांत बसा. ताजी, कोवळी अळंबी निवडा. सुकलेल्या जून अळंबीत चीक नसतोच, आणि केशरी अळंबीत तो मुळातच कमी असतो, बदाबदा गळत नाही. दोन ठिकाणी काप घ्या. एक कल्ल्यांवर आडवा. दुसरा दांड्यावर, आडवा, स्वच्छ.

दांड्याच्या कापावर काय दिसतं ते आधी सांगते, कारण ते फार देखणं असतं. मधला गाभा पांढुरका, कोवळेपणी भरीव आणि वाढत्या वयात पोकळ; त्याच्या कडेने, सालीला लागून, केशरी कडं. काप घेतल्यावर काही सेकंदांत त्या कड्यावर बारीक केशरी थेंब फुटू लागतात, गुळाच्या पाकावर बुडबुडे यावेत तसे.

आता तो रुमाल काढा. एक थेंब पांढऱ्या कापडावर टिपा आणि वेळ लिहा. कापडावर का? केशरी मांसावर केशरी थेंबाचा खरा रंग डोळ्याला कळत नाही. पांढऱ्यावर तो गाजराचा आहे, विटेचा आहे की जांभळाच्या रसाचा, हे लगेच कळतं.

थेंब सुरुवातीपासूनच गडद जांभळट लाल असेल, तर लॅक्टेरिअस सँग्विफ्लुअस किंवा तिची एखादी सख्खी, तीही पाइनखालचीच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात डग्लस फरखाली लाल चिकाची लॅक्टेरिअस रुब्रिलॅक्टिअस येते, आणि पूर्व आशियातल्या पाइनखालच्या लॅक्टेरिअस हात्सुदाकेचाही चीक लालसरच. थेंब पांढरा असेल तर केशरी खानदानाचा विषयच संपला.

थेंब गाजराच्या रंगाचा असेल तर खरी परीक्षा सुरू. अळंबी पालथी ठेवा, आणि कापलेल्या जागेवर नजर ठेवून पाच, दहा आणि तीस मिनिटांनी रंग लिहा. पाच ते आठ मिनिटांत केशरीचा जांभळट लाल झाला तर ती लॅक्टेरिअस सेमिसँग्विफ्लुअस असावी. पाइनखालीच, चुनखडीच्या जमिनीत तिला राहायला आवडतं. दहा मिनिटांनंतर, अर्ध्या तासाच्या आत हळूहळू लालसर झाला आणि आसपास स्प्रूस आहे, तर डेटेरिमस. अर्धा तास झाला तरी केशरीच आहे, किंवा फार तर मंद, मळकट हिरवट होतो आहे, झाड पाइन आहे आणि दांड्यावर खळगे आहेत, तर डेलिसिओसस म्हणायला हरकत नाही.

माझी सातव्या मिनिटाची गोष्ट इथेच सांगते. पाइनचं निर्भेळ जंगल होतं, दांड्यावर खळगेही दिसत होते, सगळं जुळत होतं. सवयीने काप घेतला, केशरी थेंब बघितला आणि वहीत नाव लिहून टाकलं. बरोबरीचे दोघं पुढे गेले होते, मी बुटाची नाडी बांधायला बसले. उठताना सहज त्या कापाकडे नजर गेली तर तिथे जांभळट लाल कडं. घड्याळात सात मिनिटं झाली होती. नाडी सुटली नसती तर ती सेमिसँग्विफ्लुअस माझ्या वहीत आजही डेलिसिओसस म्हणून राहिली असती, आणि तशा किती राहिल्या असतील याचा विचार मी करत नाही.

थंडीत किंवा अळंबी अर्धवट सुकली असताना हे बदल रेंगाळतात. म्हणून एकाच अळंबीवर निकाल देऊ नका. एकाच झाडाखालच्या तीन, वेगवेगळ्या वयाच्या, घेऊन एकदमच काप लावा.

हिरव्या डागाचं काय?

केशरी अळंबीत गुएयेन गटातली रंगद्रव्यं असतात. पेशी तुटल्या की विकरं त्यांच्यावर काम करू लागतात आणि रंग पालटत जातो. म्हणून कल्ल्यावर बोटाने रेघ ओढली की काही तासांत ती हिरवी दिसते. हिरवेपणा ही या खानदानाची खूण, एका जातीची नव्हे. डेटेरिमस आणि सेमिसँग्विफ्लुअस तर डेलिसिओससपेक्षाही जास्त हिरव्या होतात, कधीकधी अख्खी टोपीच हिरवट असते. फरखालची सॅल्मोनिकलर उलट, ती जवळजवळ हिरवी होतच नाही. पाइनखालची लॅक्टेरिअस क्विएटिकलर टोपीने मळकट तपकिरी असते आणि कापल्यावर मात्र आत झगझगीत केशरी निघते.

कधी कल्ल्यांच्या जागी सपाट, खरखरीत थर दिसतो, जणू कुणी लिंपून टाकलंय. हायपोमायसीस लॅटेरिशिअस नावाचं दुसरं कवक या अळंबीवर जगतं आणि कल्ले तयारच होऊ देत नाही. अशी अळंबी नमुना म्हणून मजेशीर आहे, पण जात ओळखण्यासाठी शेजारची निरोगी घ्या.

घरी आल्यावर: बीजाणूंचा ठसा

टोपी दांड्यापासून अलग करा आणि कल्ले खाली येतील अशी कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा, कारण फिकट ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. वर वाडगा पालथा घाला, रात्रभर राहू द्या. केशरी अळंबीचा ठसा फिकट मलईच्या रंगापासून फिकट पिवळसरापर्यंत येतो. ठसा गंजासारखा तपकिरी आला, तर तुमची ओळख मुळापासून चुकली आहे. मागे या, पहिल्या पायरीपासून सुरू करा.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे त्यांना आयोडीन असलेल्या मेल्झर द्रावणात बीजाणू बघता येतील. ते साधारण ७ ते ९ बाय ६ ते ७ मायक्रॉनचे, आणि त्यांच्यावरचं उंचवट्यांचं जाळं आयोडीनमुळे काळंनिळं उमटतं. हे दृश्य संपूर्ण कुळात दिसतं, तेव्हा त्यावरून कुळ पक्कं होतं, जात नाही.

कुणाशी गोंधळ होतो

लव असलेल्या कडेचा उल्लेख वर आला. ती लॅक्टेरिअस टॉर्मिनोसस. गुलाबीसर केशरी, वलयंही अगदी तशीच, पण कडेला लोकरीची झालर, चीक पांढरा आणि जहाल. ती बर्चच्या मुळांवर राहते, आणि पाइनच्या जंगलात बर्च सर्रास घुसलेला असतो. पोट पार बिघडवणारी म्हणून ती बदनाम आहे. लार्चखाली लॅक्टेरिअस पॉर्निन्सिस येते, केशरी टोपीची पण पांढऱ्या चिकाची. पाइनखालची लॅक्टेरिअस रूफस विटकरी, टोपीच्या मधोमध छोटं टोक, चीक पांढरा. दलदलीच्या सूचिपर्णी जंगलातली लॅक्टेरिअस हेल्वुस पाण्यासारखा चीक गाळते आणि वाळताना तिला मेथीचा वास येतो, तीही विषारी. या चौघींना बाद करायला चिकाचा एक थेंब पुरतो.

चव घेऊन बघण्याची पद्धत पुस्तकांत सापडेल, कण जिभेच्या टोकाला लावून थुंकायचा. ती कुळ आधीच पक्कं झालेल्या जाणकारांसाठी आहे. शिकाऊ माणसाने अनोळखी अळंबी तोंडात घालू नये, थुंकायची असली तरी.

ज्या अळंब्यांनी माणसं दगावतात, त्या केशरी अळंबीसारख्या हुबेहूब दिसत नाहीत. पण टोपली भरताना घाईने हात फिरतो तेव्हा हुबेहूब दिसण्याची गरजही नसते. कॉर्टिनेरिअस रुबेलस सूचिपर्णी जंगलातच उगवते. रंग तांबूस केशरी, टोपी टोकदार, कल्ले विरळ, दांड्यावर पिवळसर पट्टे, चीक अजिबात नाही, दांडा धागेदार, ठसा गंजाचा. तिच्यातलं ओरेलानिन मूत्रपिंडं निकामी करतं, आणि लक्षणं दिसायला दोन-तीन दिवसांपासून दोन आठवडेही लागतात. तोवर आपण काय खाल्लं होतं हे माणूस विसरलेला असतो. १९५० च्या दशकात पोलंडमध्ये तिच्याच एका बहिणीने शंभराहून जास्त माणसांना आजारी पाडलं, तेव्हा कुठे या विषाचा छडा लागला. कुजक्या लाकडावर येणारी छोटी तपकिरी गॅलेरिना मार्जिनाटा यकृतावर घाव घालते आणि तिचीही लक्षणं सहसा सहा तासांनंतरच उमटतात. म्हणून पिशवीत प्रत्येक अळंबी वेगळ्या कागदात ठेवा, आणि काप, मोड, चीक हे प्रत्येकीवर करा. पहिली तपासली म्हणून बाकीच्या तशाच, हा हिशेब इथे चालत नाही.

हा लेख ओळख पटवण्याचा सराव व्हावा म्हणून आहे. ताटात काही वाढायचं असेल तर त्या जंगलातल्या अळंब्या वर्षानुवर्षं हाताळणाऱ्या माणसाने ती अळंबी प्रत्यक्ष हातात घेऊन बघायला हवी. फोटो पाठवून चालणार नाही. जुने खाणारे सांगतात की ही अळंबी खाल्ल्यावर लघवीला लालसर रंग येतो. ते खरं आहे, पण तेवढ्यावरून ओळख बरोबर होती असं मानणं म्हणजे परीक्षा देऊन झाल्यावर अभ्यास करणं.

नमुना आणि नोंद

जात पक्की करायचीच असेल तर एक निरोगी अळंबी उभी चिरून साधारण ४० अंशांच्या कोरड्या हवेत वाळवा. ती कडकडीत झाली पाहिजे, वाकली तर अजून ओल आहे. अशा नमुन्यातून डीएनए काढता येतो. कवकांसाठी ओळखपट्टी म्हणून आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा २०१२ पासून सर्वमान्य झाला आहे आणि केशरी खानदानातली बरीच भांडणं त्यानेच सोडवली. पण प्रयोगशाळेला झाड कोणतं होतं ते कळत नाही, चीक कितव्या मिनिटाला फिरला तेही कळत नाही. ते जागेवरच लिहावं लागतं. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते, मागे पडलेल्या खाडाखोडीसकट:

‘पाऊस होऊन पाच दिवस. उताराची उत्तर बाजू. पाइन, सुया दोन-दोन. दहा मीटरवर एक बर्च, स्प्रूस नाही (खात्री केली, दोनदा). तीन अळंब्या. टोपी ५, ८, ११ सेंमी, कड गुळगुळीत. दांड्यावर खळगे: मोठ्या दोघींवर आहेत, छोटीवर नाहीत. मोड खडूसारखी. चीक गाजर. ५ मि. केशरी. १० मि. केशरी. ३० मि. मोठ्या दोघी केशरी, छोटी किंचित लालसर? उजेड कमी. नाव: ~~डेलिसिओसस~~ मोठ्या दोन डेलिसिओसस, छोटी बहुतेक. उद्या पुन्हा येऊन तिच्या शेजारची कापायची.’